मृत्पात्रे, पुरातन हस्तनिर्मित

हाताने अथवा चाकावर घडवून भाजलेल्या जुन्या पात्रांची पारख व संग्रह हा पुरातत्त्वविद्या, कलेतिहास आणि छंद या तिहींच्या सीमेवरील विषय होय. साध्या खापरापासून झिलईदार चिनी मातीच्या पात्रांपर्यंत सर्व प्रकार यात मोडतात.

पुणे जिल्ह्यात या विषयाचे आद्य साधन जमिनीतच आहे. घोड नदीकाठच्या इनामगाव (ता. शिरूर) येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आणली. तेथील जोर्वे मृत्पात्रे (इ. स. पू. सु. १४००–१०००) चाकावर घडविलेली असून तांबड्या वा नारिंगी पृष्ठावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी असते. उत्तम भाजणीमुळे त्यांवर टिचकी मारल्यास धातूसारखा नाद येतो. कंगोरेदार वाडगे व लांब तोटीचे घडे ही त्यांची ठळक रूपे. मृत बालकांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडे एकमेकांस लावून, घराच्या जमिनीखाली पुरण्याची प्रथा होती. असा कुंभ पायाच्या खोदाईत यंत्राने उचलला गेला, तर पात्र कदाचित हाती राहते. पण ते कोणत्या थरात व कशाशेजारी होते, ही माहिती कायमची नाहीशी होते. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिल्यापासून चाकणपर्यंत पसरत गेलेल्या औद्योगिक पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर माती हलविली जात असल्याने ही बाब केवळ तात्त्विक राहिलेली नाही.

घडणीची ओळख प्रथम आतल्या बाजूवरून करावी. चाकावरील पात्रात बोटांच्या सर्पिल रेषा दिसतात आणि दोऱ्याने कापून काढलेल्या तळावर वक्र रेघा उमटलेल्या असतात. थापीने ठोकून वाढविलेल्या पात्राच्या आत, आधारासाठी धरलेल्या गोट्याचे उथळ खळगे बोटांना जाणवतात. साच्यातील पात्रावर बहुधा जोडाची उभी रेषा असते. जुन्या वाड्यांतून मिळणाऱ्या कित्येक लोणच्याच्या बरण्या अशा कारखानी असतात. कुंचल्याच्या रेषेत जाडबारीकपणा असतो, तर छापील नक्षीत जोड व बारीक ठिपके भिंगाखाली दिसतात. तळाच्या कड्यावरील खरी झीज विस्कळीत असते. सर्व ओरखडे एकाच दिशेने असल्यास ते कृत्रिम समजावेत. दुरुस्त पात्राचा नाद बद्द येतो. तळावर केवळ देशाचे नाव असणे हेही कालनिर्णयास उपयोगी पडते, कारण आयात वस्तूंवर मूळ देश नमूद करण्याची सक्ती अमेरिकेने १८९१ पासून केली. खापर शेवटचे केव्हा तापले, हे ऊष्मादीप्ती पद्धतीने ठरविता येते. मात्र त्यासाठी नमुना काढावा लागतो.

महाराष्ट्रातील संग्राहकांना विशेष मोलाची वाटणारी पात्रे म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने १८७० नंतरच्या काळात घडविलेली झिलईदार पात्रे. सिंधी कुंभारांची झिलई व अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृती यांचा त्यांत मेळ आहे. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. निव्वळ घरगुती वस्तूंचे मोल ओळखणारा संग्रह पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी उभा केला. राजा दिनकर केळकर संग्रहालय या नावाने तो प्रसिद्ध आहे.

१८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाने शंभर वर्षांपेक्षा कमी नसलेल्या अशा वस्तू पुरावशेष ठरविल्या. त्यांचा व्यापार परवान्याविना करता येत नाही. खाजगी व्यक्तीस त्यांची निर्यातही करता येत नाही.

सच्छिद्र खापरात मुरलेले क्षार कालांतराने पांढऱ्या बुरशीसारखे पृष्ठावर येतात व रंग उकलतात. म्हणून रंगीत पात्र घासू नये, आम्लाने तर मुळीच धुऊ नये. प्रत्येक पात्राच्या आत लहान क्रमांक घालून त्याचे मिळण्याचे ठिकाण, दिनांक व विक्रेता यांची नोंद वहीत ठेवतात.