भाव फुटला!

दिवाळीच्या आगेमागे विदर्भातल्या गडचांदूरच्या चहाटपरीवर उभं राहिलात, तर हा प्रश्न हमखास कानावर येईल, "काय जी, भाव फुटला का?"

फुटला म्हणजे मोडला नाही बरं का! हंगामाचा पहिला भाव ठरला, की कापसाच्या मुलखात तो 'फुटला' म्हणतात. बोंड फुटतं ना, तसा.

त्या एका आकड्याच्या पोटात किती बातम्या असतात! कुठे बोंडअळी पडली, कुठे वेचणीच्या तोंडावर पाऊस आला, कुठल्या परदेशी गिरणीला सूत हवंय... कोरपन्याच्या शेतकऱ्याला हे सगळं कुठून कळणार? पण भाव चढला एवढं कळलं, की एरवी पऱ्हाटीवरच सोडलेला किडका, कवडी कापूसही तो वेचून आणतो. तिकडे गिरणीवाला कापूस जपून वापरतो. दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत!

१९४५ साली फ्रेडरिक हायेक या अर्थशास्त्रज्ञानं हेच सांगायला कथिलाचं उदाहरण घेतलं. कथील म्हणजे आजीच्या पितळी पातेल्याला कल्हई करतात, तो धातू. कथील महागलं की लोक काटकसर करतात. ते का महागलं, हे ठाऊक नसलं तरी चालतं.

भाव फार चढला की घेणारे मागे सरतात, फार उतरला की विकणारे हात आखडतात. दोघांचं जिथे जमतं, तो समतोल. एका पावसानं तोही हलतो.

२०२१-२२ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ६,०२५ रुपये. बाजारात मात्र भाव १०,००० च्या वर गेला! पुढच्या हंगामात देशभर कापसाचा पेरा वाढला. पण भाव उतरला. आकडा 'किती' ते सांगतो. 'का' आणि 'किती दिवस' हे सांगत नाही. गेल्या वर्षीचा निरोप गेल्या वर्षीचाच होता.

भाव पुन्हा चढेल या आशेनं विदर्भातल्या कितीतरी घरांत तेव्हा कापूस विकायचा थांबला. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत पांढरा ढीग, अंथरुणं स्वयंपाकघरात. उन्हाळा लागला तशी कापसातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटली. आणि बाबा रोज सकाळी फोन कानाला लावून विचारत, "आज काय भाव आहे जी?"