ठाणे ला, ठाण्याला

नाशिकच्या जेल रोडला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या फोनवर मी रेल्वेचे वेळापत्रक दाखवणारे एक छोटे ॲप बसवून दिले. स्वयंसेवकांनी मिळून लिहिलेले, जाहिरातींविना चालणारे. ती लेकीकडे ठाण्याला निघाली होती. भाषा मराठी निवडली आणि पडद्यावर वाक्य आले : ‘गाडी ठाणे ला ९.४० वाजता पोहोचेल.’ मावशी मोठ्याने वाचत होती, ती मध्येच थांबली. म्हणाली, “ठाणे ला? अरे, ठाण्याला म्हणतात. हे कोणी लिहिलंय?”

हा प्रश्न मला सोडेना, कारण त्याचे उत्तर शोधता येत होते. ते ॲप मुक्तस्रोत होते, आणि अशा प्रणालीत प्रोग्रामरने लिहिलेली ओळ न् ओळ कुणालाही उघडून वाचता येते. कोणती ओळ कोणी, कधी बदलली याची नोंदही राहते. ती नोंद ठेवणारी ‘गिट’ ही व्यवस्था लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिली, आणि आज जगभरचे असे बहुतेक प्रकल्प तिच्यावरच चालतात. त्या रात्री मी ॲपची मराठी फाइल शोधून काढली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, अशा काहीशे ओळी. त्यांत एक ओळ नुसती ‘ला’ एवढीच होती. तिच्याआधी एक रिकामी जागा.

मला वाटले, जागा काढली की झाले. तेवढा बदल करून पाठवला. प्रकल्प सांभाळणारा गृहस्थ दूर देशातला, मराठीचे अक्षरही न वाचणारा. त्याने एकच प्रश्न विचारला : हा नियम सगळ्या स्थानकांना लागू होतो का?

मी वही घेतली आणि आपल्याच मार्गावरची स्थानके लिहीत गेलो. नाशिक रोडला, मनमाडला, निफाडला, लासलगावला. इथवर ठीक. घोटीला, देवळालीला, इगतपुरीला, हेही ठीक. मग नाशिक रोडच्या शेजारचेच स्थानक आले : ओढा. ‘ओढाला’ कोणी म्हणत नाही, ओढ्याला. सुकेणेचे सुकेण्याला. ठाणेचे ठाण्याला. कसाराचे कसाऱ्याला. शाळेत सामान्यरूप हा धडा आम्ही गुणांपुरता पाठ केला होता. विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी नामाचे अंग बदलते, हे प्रत्येक मराठी माणूस दिवसातून शेकडो वेळा न चुकता करतो. यंत्राला ते ठाऊक नसते. त्याच्याकडे स्थानकांच्या नावांची एक यादी असते आणि प्रत्ययाची एक ओळ. यंत्र दोन्ही शेजारी ठेवते. माझ्या बदलाने ‘ठाणे ला’चे ‘ठाणेला’ झाले असते. चूक जास्त घट्ट झाली असती, एवढेच.

मी तो बदल मागे घेतला. आधी शिकायचे ठरवले, आणि त्यासाठी ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर गेलो. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिचे सगळे संदेश तिथे शेकडो भाषांत अनुवादित होतात. आधी काही चाचणी अनुवाद करून दाखवावे लागतात, मग परवानगी मिळते. पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळली. संदेशात जिथे सदस्याचे किंवा पानाचे नाव येणार असते, तिथे डॉलरचे चिन्ह आणि पुढे इंग्रजी आकडा असतो. मराठी कळफलक चालू ठेवून तो आकडा लिहिला की देवनागरी एक उमटतो आणि यंत्राला ती जागा ओळखू येत नाही. अनुवाद सुंदर असला तरी नाव गायब. तेव्हापासून मी त्या खुणा टंकित करत नाही, उचलून चिकटवतो.

दुसरी गोष्ट फार मोलाची. बहुतेक संदेशांना अनुवादकासाठी एक टीप असते. ती ‘क्यूक्यूक्यू’ नावाच्या एका खोट्या भाषेत साठवलेली असते, म्हणजे जणू स्पष्टीकरणाचीच एक भाषा. संदेश बटणावर आहे की शीर्षकात, शब्द नाम आहे की क्रियापद, रिकाम्या जागी माणूस येणार की पान, हे सगळे तिथे लिहिलेले. इंग्रजीत नाम आणि क्रियापद बऱ्याचदा एकाच रूपात असतात; मराठीत ‘बदल’ आणि ‘बदला’ यांत एका कान्याचे अंतर आहे आणि ते अंदाजाने ठरवता येत नाही. टीप न वाचता केलेल्या अनुवादाला मी अनुवाद म्हणायला तयार नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ‘यांनी’ हा शब्द. ‘अमुक यांनी पान हलवले’, ‘अमुक यांनी आभार मानले’. नाव जसेच्या तसे राहते, सामान्यरूपाची भानगड मिटते, क्रियापद कर्माप्रमाणे चालत असल्याने कर्ता स्त्री की पुरुष हे यंत्राला विचारावे लागत नाही, आणि आदरही राखला जातो. वर्तमानपत्रे आणि शासकीय पत्रे हा शब्द वर्षानुवर्षे वापरत आली आहेत. गावांसाठी तेच काम ‘येथे’ आणि ‘येथून’ करतात.

शब्द निवडताना मला नाशिक रोडचीच आठवण होत राहिली. इथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या कारखान्याचे पाटीवरचे नाव चलार्थ पत्र मुद्रणालय. रिक्षावाल्याला मात्र आपण ‘प्रेस’ एवढेच सांगतो आणि तो बरोबर नेतो. प्रणालीतला शब्द रिक्षावाल्याला सांगता येईल असा हवा, हे माझे मत झाले आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे आधी काम केलेल्यांनी सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ आणि सगळ्यांनी बोलायच्या जागेला ‘चावडी’ म्हटले आहे. अशा दोन शब्दांमागे किती विचार असतो हे स्वतः चार संदेश लिहिल्यावर समजते. त्या माणसांची नावे मला माहीत नाहीत, पण त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

चार महिन्यांनी वेळापत्रकाच्या ॲपकडे परतलो. आता दोष मराठी फाइलमध्ये नाही हे दिसत होते. इंग्रजी वाक्यच तीन तुकड्यांत कापून ठेवले होते आणि प्रोग्राम ते तुकडे इंग्रजीच्या क्रमाने जोडत होता. अनुवादकाच्या हाती वाक्य येतच नव्हते. मी इश्यू, म्हणजे दोषाची नोंद, लिहिला : मराठीत गावाचे नाव प्रत्ययापुढे कसे बदलते, ओढा आणि कसारा ही दोन उदाहरणे, आणि मागणी एकच, की पूर्ण वाक्य द्या, मध्ये नावाची आणि वेळेची जागा ठेवा. उत्तर आले : बरोबर आहे, बदल तुम्हीच करून पाठवा, अडलात तर सांगा.

मला प्रोग्रामिंग येत नव्हते. तीन रविवार गेले. मूळ प्रकल्पाची स्वतःची प्रत काढायची, तिची फांदी करायची, बदल करायचा, त्यामागचे कारण दोन ओळींत लिहून तो कमिट करायचा, म्हणजे नोंदवायचा, आणि मग ‘हे स्वीकारा’ अशी विनंती, म्हणजे पुल रिक्वेस्ट, पाठवायची. पहिल्यांदा ती परत आली. मी एकाच विनंतीत दोन वेगळी कामे मिसळली होती. ती वेगळी करायला सांगितले. दुसऱ्यांदा अनुवादकांसाठी टीप लिहिली नव्हती म्हणून थांबली. ज्या टिपेचे महत्त्व मी चार महिने शिकलो, तीच विसरलो होतो. दोन्ही सूचना योग्य होत्या आणि सौम्य शब्दांत होत्या. तिसऱ्यांदा बदल स्वीकारला गेला.

या बदलाचा फायदा मराठीपुरता नाही. फिनिशमध्येही नामाला प्रत्यय लागतो आणि त्याचे रूप बदलते. ट्रान्सलेटविकी सुरू करणारे निक्लास लाक्सस्ट्रोम फिनलंडचेच, आणि मीडियाविकीत तर अशा भाषांसाठी व्याकरणाची वेगळी सोयच आहे. तुकडे जोडून केलेल्या वाक्यात त्यांचीही अशीच कोंडी होते.

मग मराठी ओळ लिहायला बसलो. ‘गाडी ठाणे येथे ९.४० वाजता पोहोचेल.’ मावशीला दाखवले. तिने दोनदा वाचले आणि म्हणाली, “बरोबर आहे. पण आपण ठाण्यालाच म्हणतो.” तिचे खरे आहे. सामान्यरूपे हाताने लिहिलेली यादी प्रणालीला दिली तर ‘ठाण्याला’ही दाखवता येईल. ती यादी मी करत आहे. कसाऱ्यातला ऱ्या नुक्त्याचा ऱ घेऊनच लिहावा लागतो, नाहीतर र वर चढून त्याचा रफार होतो, म्हणून प्रत्येक नाव दोनदा तपासतो. कसारा ते मनमाड झाले आहे. विदर्भातली आणि कोकणातली स्थानके राहिली आहेत, आणि तिथले लोक आपल्या गावाला काय म्हणतात ते मला इथे बसून कळणार नाही. तुम्ही तिथले असाल, तर तुमच्या फोनवरच्या एखाद्या मुक्तस्रोत ॲपची भाषा आजच मराठी करून पाहा. खटकलेला पहिला शब्द लिहून घ्या आणि ते ॲप सांभाळणाऱ्याला कळवा. तो वाट पाहत असतो.