उतू जाण्याआधीचा क्षण

सुरुवातीला एक छोटा प्रयोग करू. साहित्य म्हणून सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरे. दोन मिनिटे शांत बसा आणि आपले श्वास मोजा. दहा झाले की पुन्हा एकपासून. मधेच मन दुसरीकडे गेले, तर ते कुठे गेले एवढे लक्षात घ्या आणि परत एकपासून सुरुवात करा. दोन मिनिटांत किती वेळा परत यावे लागले?

बहुतेकांना बऱ्याच वेळा यावे लागते. कुणाचे मन तपासायच्या वह्यांकडे जाते, कुणाचे सकाळी ऐकलेल्या एखाद्या बोलण्याकडे. पण म्हणून प्रयोग फसला असे समजू नका. मन भरकटले आहे हे ज्या क्षणी ध्यानात आले, तो क्षणच आपल्याला हवा होता. मराठीत ज्याला आपण सजगता म्हणतो आणि इंग्रजीत माइंडफुलनेस, तिची सुरुवात इथे होते. एका अतिशय अवघड मानसिक विकाराच्या उपचारात या साध्या क्षणाचा मोठा उपयोग झाला आहे. तो कसा, ते पाहू.

विकार कोणता?

या विकाराचे नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मराठीत सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार म्हणता येईल. हे नाव अॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकी मनोविश्लेषकाने १९३८ साली वापरले. सौम्य आणि तीव्र मनोविकारांच्या सीमेवरचे रुग्ण, असा त्याचा अर्थ होता. आज ही कल्पना कुणी धरत नाही, नाव मात्र टिकले. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत या विकाराला १९८० साली स्वतंत्र स्थान मिळाले.

पुस्तिकेत नऊ लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी किमान पाच दीर्घकाळ दिसली, तरच निदान होते. आपल्याला सोडून जातील ही सततची धास्ती, आज देव वाटणारे माणूस उद्या वैरी वाटणे, मी कोण याचा ठाव न लागणे, आतून रिकामे वाटणे, अनावर राग, उतावीळ कृती आणि स्वतःला इजा करणे ही त्यांतली काही. सर्वसाधारणपणे शंभरात एक-दोन व्यक्तींना हा विकार असतो. त्यांच्यात आत्महत्येचा धोका बराच असतो, त्यामुळे याकडे ‘स्वभावच तसा’ म्हणून पाहणे महागात पडते.

चुलीवरच्या दुधाचे उदाहरण घेऊ. सगळ्यांचेच दूध तापते. पण इथे ते चटकन तापते, खूप वर येते आणि निवायलाही फार वेळ घेते. निवण्याआधीच पुढचा जाळ लागतो. मैत्रिणीने पाहूनही न पाहिल्यासारखे केले, एवढे निमित्तही पुरते.

असे का होते? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा दिसतो. पण वाटाच, सगळे नव्हे. बालपणातील अत्याचार, दुर्लक्ष किंवा मुलाची भावना सतत खोटी ठरवणारे वातावरण यांचाही संबंध आढळतो. नाजूक घडण आणि असे वातावरण एकमेकांना खतपाणी घालतात, असे आज मानले जाते.

एका रुग्णेने शोधलेली वाट

हे स्पष्टीकरण मांडले मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना स्वतःलाच मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागले. तिथे त्या दोन वर्षांहून अधिक काळ होत्या. पुढे शिकून त्या सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. आपली ही हकीकत त्यांनी जाहीरपणे सांगितली ती २०११ साली, त्याच रुग्णालयात उभे राहून.

रुग्णांबरोबर काम करताना त्यांना एक पेच दिसला. ‘तुम्ही बदला’ असे म्हटले, की रुग्णाला तो आरोप वाटे. ‘तुम्ही आहात तशाच ठीक आहात’ म्हटले, तर माझ्या यातनेची यांना कल्पनाच नाही असे वाटे. म्हणून त्यांनी दोन्ही टोके एकत्र धरली. आहे ते स्वीकारायचे आणि बदलायचेही. या पद्धतीला द्वंद्वात्मक वर्तनोपचार म्हणतात.

स्वीकार शिकवायचा कसा, याचे उत्तर शोधताना त्या झेन परंपरेकडे वळल्या. पण इतकी अस्वस्थ व्यक्ती तासन्‌तास ध्यानाला बसणार कशी? म्हणून धार्मिक भाग बाजूला ठेवून त्यांनी ध्यानाचे लहान लहान धडे पाडले. वर्गात शिकवावेत, घरी गृहपाठ द्यावा, असे.

सजगतेचे सहा धडे

पहिले तीन धडे काय करायचे याचे आहेत. निरीक्षण : छातीत धडधडते आहे, हात गरम झाले आहेत, एवढेच पाहायचे. वर्णन : त्याला शब्द द्यायचे. ‘ती माझा तिरस्कार करते’ हे वर्णन झाले नाही. ‘तिने उत्तर दिले नाही, आणि ती माझा तिरस्कार करते असा विचार माझ्या मनात आला’ हे वर्णन झाले. विज्ञानाच्या तासाला निरीक्षण आणि अनुमान यांत आपण जो फरक शिकवतो, तोच हा. सहभाग : भांडी घासताना भांडीच घासायची, त्यात पूर्ण उतरायचे.

पुढचे तीन धडे कसे करायचे याचे. चांगले-वाईट असा शिक्का न मारता, एका वेळी एकच गोष्ट धरून, आणि कोण बरोबर यापेक्षा काय उपयोगी पडेल हे पाहून. भावनेचे ऐकायचे आणि तर्काचेही ऐकायचे. दोघांना धरून निर्णय घेणाऱ्या मनाला लिनेहान ‘शहाणे मन’ म्हणतात.

यातून भावना नाहीशी होत नाही. दूध तापायचे थांबत नाही, पण ते वर येताना दिसते. दिसले तर आच कमी करायला, भांडे उतरवायला सवड मिळते. भावना आणि कृती यांच्यामधली ही सवड म्हणजेच सजगतेचा लाभ.

मेंदूत काय घडत असावे, याचा एक धागा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळतो. निरोगी व्यक्तींना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला शब्द देताना, धोक्याची सूचना देणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या भागातील एका जागेची वाढली. नाव देणे हीच एक प्रकारची आच कमी करणे आहे, असे त्यावरून म्हणता येईल.

पुरावा काय सांगतो?

लिनेहान यांची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. वर्षभर हा उपचार घेतलेल्या स्त्रियांत स्वतःला इजा करण्याचे प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होते. त्यांचे रुग्णालयातील दिवसही कमी भरले आणि उपचार सोडणाऱ्याही कमी होत्या. पण नैराश्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्यानंतर इतरांनीही चाचण्या केल्या. २०१५ सालच्या एका चाचणीत कौशल्यांचे शिक्षण असलेले उपचार ते नसलेल्यापेक्षा अधिक उपयोगी ठरले.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्यायला हव्यात. एक, सजगता हा या उपचाराचा पाया आहे, संपूर्ण उपचार नव्हे. संकट निभावणे, भावनांचे नियमन आणि नातेसंबंध यांचे धडे, शिवाय प्रशिक्षित उपचारकाची भेट, हे सगळे त्यात येते. या विकारावरचे असे खास औषध आजही नाही. सोबतच्या तक्रारींसाठी डॉक्टर औषधे देतात, ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. पाली ‘सति’ म्हणजे स्मृती, सजगता. ही परंपरा आपल्याला अनोळखी नाही. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होत आली आहेत. मग अशा रुग्णाला तिथेच पाठवावे का? दहा दिवसांचे मौन आणि रोज दहा तासांच्या आसपास ध्यान हे तीव्र मानसिक त्रास असलेल्या व्यक्तीला झेपेलच असे नाही. शिबिरांच्या नियमांतही गंभीर मानसिक विकारांबाबत इशारा असतो. उपचारकाला विचारल्याशिवाय असा सल्ला देऊ नये.

आशेला मात्र भक्कम आधार आहे. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी आणि सहकाऱ्यांनी २९० रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. दहा वर्षांच्या काळात त्यांपैकी ९३ टक्के जणांची लक्षणे निदान दोन वर्षे तरी ओसरलेली राहिली, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. नोकरी आणि नात्यांसह आयुष्याची घडी नीट बसलेले मात्र निम्मेच होते. म्हणजे लक्षणे ओसरतात, पण आयुष्य उभारायला आणखी मदत लागते.

शिक्षकाचे काम

निदान करणे हे आपले काम नाही. किशोरवयात मनःस्थिती वरखाली होणे स्वाभाविक असते, त्यावर विकाराचा शिक्का मारू नये. पण भावना खोटी ठरवण्याचे वातावरण आपल्या वर्गात नसावे, हे आपल्या हातात आहे. ‘एवढ्याशा गोष्टीला काय रडतेस?’ हे वाक्य आपण सगळेच सहज बोलून जातो. त्याऐवजी ‘तुला फार लागले दिसते. वही फाडलेली चालणार नाही, पण काय झाले ते सांग,’ असे म्हणता येईल. यात भावना मान्य आहे, कृती नाही.

एखादी मुलगी किंवा मुलगा स्वतःला इजा करतो आहे, मरणाच्या गोष्टी बोलतो आहे असे दिसले, तर ‘नाटक आहे’ म्हणून सोडू नका. एकटे ठेवू नका, शांतपणे ऐका, घरच्यांना आणि मानसोपचारतज्ज्ञाला लगेच कळवा. घरातच धोका असल्याची शंका असेल, तर आधी तज्ज्ञाशी बोला. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते.

आणि सुरुवातीचा प्रयोग वर्गातही करून पाहा. डोळे मिटण्याची सक्ती नको, कुणाला नको असेल तर आग्रहही नको. मन किती वेळा भटकले हे मुलांना विचारा आणि आपला आकडाही सांगा. बाईंचे मनही भटकते, आणि त्या परत येतात, हे मुलांना कळू द्या.