‘बिविल्डर’च्या पोटातलं रान

‘बिविल्डर्ड’ म्हणजे गोंधळलेला, भांबावलेला. शाळेत एवढा अर्थ पाठ करून आपण पुढे जातो. पण हा शब्द सावकाश उकलला, तर आत अख्खं रान सापडतं आणि त्या रानात जनावरंही.

सुरुवातीचा ‘बि’ हा उपसर्ग ‘पुरता, सगळीकडून’ असा जोर देतो. उरतं ‘विल्डर’, म्हणजे वाट चुकणं किंवा चुकवणं. हे क्रियापद ‘विल्डरनेस’वरून आलं असं अभ्यासक मानतात. ‘विल्डरनेस’, म्हणजे रान, हा शब्द मात्र त्याहून कितीतरी जुना. जुन्या इंग्रजीतल्या ‘रानटी’ आणि ‘जनावर’ या अर्थांच्या दोन शब्दांना ‘नेस’ जोडून तो तयार झाला. म्हणजे जिथे रानटी जनावरांचीच वस्ती, ती जागा.

यातला ‘रानटी’ म्हणजे आजचा ‘वाइल्ड’. मग ‘वाइल्ड’चा ‘विल्ड’ कसा झाला? ‘चाइल्ड’चं अनेकवचन ‘चिल्ड्रन’ होतं, तसाच. एकट्या शब्दात स्वर लांबला. पुढे आणखी अक्षरं आली तिथे तो आखूडच राहिला.

‘विल्डरनेस’मधलं ‘जनावर’ म्हणजे आजचा ‘डिअर’, हरीण. पूर्वी त्या शब्दात कुठलाही पशू येई. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘टियर’ आजही कुठल्याही प्राण्याला चालतो. इथे मला आपला ‘मृग’ आठवल्याशिवाय राहत नाही. वेदकाळी मृग म्हणजे कोणताही वन्य पशू. म्हणून तर सिंह मृगराज, माकड शाखामृग आणि शिकार ती मृगया. पुढे मृगही आक्रसत हरणापाशी येऊन थांबला. हजारो कोस दूरच्या दोन भाषांत एकाच अर्थाचे शब्द एकाच प्राण्यावर येऊन टेकले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘बिविल्डर’ सतराव्या शतकात इंग्रजीत दिसू लागला. कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या इंग्रजी कोशात त्याचा अर्थ देताना वाट नसलेल्या जागी हरवण्याचाच उल्लेख केला. डोक्यातला गोंधळ आधी पायांचा होता, तो असा.

मराठीत ‘दिशाभूल’ याच वाटेने आली, पण आपण ती ‘करतो’ किंवा आपली कुणीतरी ‘करतं’. तिच्यात फसवणारा शिरला आहे. ‘चकवा’ त्याहून जवळचा. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि उजाडल्यावर पाहतो, तर त्याच बांधावर उभा. तिथे भुलवणारं काहीतरी असतं, असं गावकरी मानतात. ‘बिविल्डर’च्या मुळाशी मात्र असं भुलवणारं कुणीच नाही, रान आहे आणि वाट नाही.