दीडशे मणांची बंडी

हिंगणघाटच्या बाजारात एक मण कापूस न्यायला दीडशे मणांहून जड बंडी कोणी जुंपील काय? अवकाशात मात्र तसेच करावे लागते. १४ जुलै २०२३ रोजी निघालेले चांद्रयान-३ चार टनांच्या आतले. ते नेणारे रॉकेट ६४० टनांचे! त्यात बहुतेक भार इंधनाचाच. वाटेत वैरण मिळत नाही, सारी सोबत न्यावी लागते. आणि ही बंडी परतही येत नाही. साऱ्या मोहिमेचा खर्च सुमारे ६०० कोटी रुपये.

त्यातही चूक खपत नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी आपले एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात पडले, ते एक झडप गळाल्यामुळे. बंडीचे चाक वाटेत थांबून बसवता येते. रॉकेटला थांबता येत नाही. दोष शोधून शास्त्रज्ञांनी पुन्हा रॉकेट बांधले आणि १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह वर पोचवला.

एवढा पैसा कशासाठी, हे शेतकऱ्याने विचारलेच पाहिजे. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला इन्सॅट-३डीएस उपग्रह ढगांची चित्रे पाठवतो. वेचणीच्या दिवसांत पावसाचा इशारा वेळेवर घरी पोचला, तर फुटलेला कापूस भिजण्याआधी घरात येतो. तो गावापर्यंत पोचला, तरच हा खर्च सार्थकी लागला म्हणायचा.