शाई न लागलेलं बोट

"तुम्ही मत देऊन आलात का?" शेजारच्या आजीबाईंनी कुंपणावरून विचारलं. २०१९ सालातला मे महिन्याचा पहिला गुरुवार होता. "आमचा पासपोर्ट भारतीय आहे हो," असं म्हणून आम्ही सुटका करून घ्यायला बघितली. त्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "मग काय झालं?"

मंडळी, आम्हां उभयतांकडे उत्तर नव्हतं. दहा-अकरा वर्षं इथे राहिलो, कौन्सिल टॅक्स न चुकता भरला, आणि आपला साधा हक्क ठाऊक नव्हता! राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक, इथे रीतसर व्हिसावर राहणारा, वयाने अठरा पूर्ण आणि यादीत नाव, एवढं असलं की इंग्लंडमध्ये मत देता येतं. अगदी पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा. नाव नोंदवण्याचा फॉर्म दरवर्षी यायचा, तो आम्ही पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून द्यायचो.

आमचं गाव ओडबी, लेस्टरला अगदी खेटून. ओडबी आणि विग्स्टन मिळून १९७४ साली एक चिमुकला बरो झाला. नगरसेवक सव्वीस. १९९१ पासून इथे लिबरल डेमोक्रॅट्सची सत्ता. कामांची वाटणी मोठी गमतीची. घरचा कचरा उचलायचा बरोने, त्याची विल्हेवाट लावायची काउंटीने. बांधकामाची परवानगी बरोकडे, रस्त्यातले खड्डे आणि शाळा काउंटीकडे. शेजाऱ्याने मागे दोन मजले चढवले तर कुणाचं दार ठोठवायचं, हे या निवडणुकीत ठरतं.

पुढची निवडणूक ४ मे २०२३ ला आली. त्या वर्षीपासून इंग्लंडमध्ये मतदानाला फोटोचं ओळखपत्र सक्तीचं झालं. आजीबाईंनी बसचा पास काढला, आम्ही अशोकस्तंभाची मुद्रा असलेला आपला निळा पासपोर्ट. दोन्ही चालले! आत सगळं शांत. ना घोषणा, ना पोलिसांचा बंदोबस्त. कागदी मतपत्रिका, दोरीने बांधलेली पेन्सिल आणि पत्र्याची पेटी. वॉर्डात जितक्या जागा तितक्या फुल्या मारायच्या. दोन मिनिटांत बाहेर. बोटाला शाई नाही, त्यामुळे मत दिल्यासारखं वाटेचना. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "आईला फोनवर काय दाखवायचं?"

"आपल्या एका मताने काय होणार?" हा प्रश्न मंडळाच्या दर कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच. अशा निवडणुकीला बहुतेक ठिकाणी तीनातला जेमतेम एक मतदार फिरकतो, त्यामुळे एकेका मताचं वजन उलट वाढतं. मे २०१७ मध्ये नॉर्थम्बरलंड काउंटीत साउथ ब्लाइथच्या जागेवर दोघांना सारखीच मतं पडली. शेवटी काड्या ओढून निकाल लागला आणि त्या एका काडीपायी काँझर्व्हेटिव्ह पक्षाचं बहुमत हुकलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई महापालिकेतही एका वॉर्डात बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागली होती. म्हणजे तिकडे चिठ्ठी, इकडे काडी. कुणीतरी एक जण घरी चहा पीत बसला होता, एवढंच!

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली. तिच्यात अशी दुहेरी कौन्सिलं मोडून एकच मोठं कौन्सिल करण्याचा मार्ग सुचवला आहे. म्हणजे आमच्यासारख्या लहान बरोंचे दिवस भरत आलेले दिसतात. कौन्सिल मोठं झालं की नगरसेवक लांब जाणार, आणि त्याला आपली आठवण राहायची तर यादीत आपलं नाव हवंच.

तेव्हा एक विनंती. नावनोंदणीची मुदत मतदानाच्या आधी कामाचे बारा दिवस संपते. पुढचा फॉर्म आला की तो पिझ्झाच्या कागदांतून वेगळा काढा. आमच्या आजीबाई नव्वदीच्या घरात आहेत, त्या अजून चालत जातात. आपल्याला तर गाडी आहे.