निरीक्षणाचा रकाना

तिवईवर पत्र्याचं झाकण आहे, झाकणाखाली स्पिरिटचा दिवा. झाकणात बोटभर अंतर सोडून तीन गोष्टी मांडल्या आहेत: मेणबत्तीचा तुकडा, चिमूटभर साखर आणि खडेमिठाचा खडा. पाच-सहा डोकी झाकणावर वाकलेली. "जरा मागं सरा, डोळे सांभाळा," मॅडम दुरूनच बजावतात.

तासगाव तालुक्यातल्या एका शाळेची ही प्रयोगशाळा, आणि दहावीची तुकडी. बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबरची छाटणी उरकून नव्या फुटीवर फवारण्या चालू आहेत. आत बाकांवर प्रयोगवह्या उघड्या पडल्या आहेत. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं काढलेली आकृती, उजवीकडे उद्देश, साहित्य, कृती. पुढचे 'निरीक्षण' आणि 'अनुमान' हे दोन रकाने मात्र सगळ्यांचे कोरे आहेत. मॅडमची तशी सक्त अट आहे. ही अट मला फार मोलाची वाटते. कित्येक शाळांत हे रकाने गाइडवरून आदल्या रात्रीच भरलेले असतात, आणि मग परीक्षानळीत काय घडतंय याकडे पाहण्याची गरजच कुणाला उरत नाही.

मेण पहिल्या मिनिटातच पाघळतं. साखर थोडा वेळ तग धरते, मग कडेनं ओलसर होते, पिवळी, तपकिरी, आणि जळक्या गोडाचा वास खोलीभर पसरतो. मिठाचा खडा तसाच. अचानक तो तडतडतो आणि त्याचा एक कपचा उडून बाकावर पडतो.

"मॅडम, मीठ उडालं!"

"दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्यावर वाजतं तसंच," एक मुलगी म्हणते.

"वितळलं का?"

"नाही. नुसतं तडतडलं."

"मग तेवढंच लिहा. का तडतडलं ते नंतर बोलू."

बोलणं लगेचच सुरू होतं. खडा तयार होताना त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे बारीक कप्पे अडकून राहतात. ते पाणी तापून उकळलं की खडा फुटतो. मीठ वितळायला मात्र ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पत्र्यावरून पोचणारी स्पिरिटच्या दिव्याची धग तिथवर जात नाही. सोडियमचा धन आयन आणि क्लोरीनचा ऋण आयन यांची पकड खड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असते. मेणाचे रेणू एकमेकांना अगदी सैल धरून असतात, म्हणून मेण लगेच सुटतं. इथे मॅडम एक बारकावा सांगतात, तो पुस्तकं पुष्कळदा गाळतात: मेण पाघळताना रेणूच्या आतले सहसंयुज बंध तुटत नाहीत, तुटते ती फक्त रेणूंची आपसातली ओढ. आतले बंध तुटायला लागतात ते साखर तपकिरी होताना. "म्हणून मेण गार झालं की पुन्हा मेणच, पण ही साखर आता परत साखर होणार नाही."

पलीकडच्या बाकावर वाद पेटलाय. नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, एक रोधक आणि दोन्ही टोकांनी तासलेल्या दोन पेन्सिली असा तिथला सरंजाम. कोरड्या मिठात टोकं खुपसली तर दिवा लागत नाही. मिठाच्या पाण्यात बुडवल्याबरोबर लख्ख लागतो आणि दोन्ही टोकांशी बुडबुडे धरतात. एका टोकाशी हायड्रोजन, दुसऱ्याशी क्लोरीन. क्लोरीनचा वास पोरांना लगेच ओळखू येतो, कारण ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकते. मॅडम खिडक्या उघडायला लावतात आणि बॅटरी काढून घेतात.

वाद मिठाचा नाहीच, साखरेचा आहे. साखरेच्या द्रावणात दिवा लागायला नको, असं पाठ असलेला एक मुलगा चंचुपात्राकडे बघतोय, आणि दिवा मिणमिणता का होईना, लागलाय.

"मॅडम, सर्किट बिघडलंय."

"बिघडलं असतं तर लागला कसा?"

"पण साखरेत आयन नसतात ना?"

"नसतात. मग पात्रात दुसरं काय आहे?"

मुलगा गप्प. शेजारचा हळूच म्हणतो, "पाणी." पाणी कुठलं? शाळेच्या बोअरचं. मॅडम कपाटातून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरची बाटली काढतात. पेन्सिली धुतल्या जातात. नुसतं डिस्टिल्ड पाणी: दिवा बंद. त्यात साखर: तरीही बंद. आता नुसतं बोअरचं पाणी, त्यात काहीच न घालता. दिवा मिणमिणतो. सगळा बाक एकदम बोलायला लागतो. या भागातलं बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरे डाग ठेवणारं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मुळातच विरघळलेले आहेत, आणि वीज वाहून नेतात ते त्या क्षारांचे आयन.

मला वाटतं, आजच्या तासातला सगळ्यात मोठा प्रयोग हाच झाला. ठरलेलं उत्तर आणि समोरचा दिवा यांची गाठ पडली, आणि एका बाकानं दिव्यावर विश्वास ठेवला. स्वान्ते अऱ्हेनियसनं १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला प्रबंध दिला तेव्हा तो मिठाच्या पाण्यातून वीज कशी जाते याच कोड्यावर होता. मीठ पाण्यात आयनरूपानं सुटं होतं, हे परीक्षकांच्या गळी उतरेना. त्यांनी त्याला जेमतेम उत्तीर्ण केलं. पुढे १९०३ मध्ये त्याच कामासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

शेवटच्या बाकावर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आहे. हे नाव इथल्या पोरांना शाळेच्या आधीपासून ठाऊक असतं. निळे खडे परीक्षानळीत घालून नळी तोंडाकडे किंचित उतरती धरून तापवतात. सरळ धरली तर वर साचलेलं पाणी तापल्या काचेवर ओघळतं आणि नळी तडकते. निळा रंग विटत जातो, नळीच्या तोंडाशी थेंब जमतात, तळाशी पांढुरकी भुकटी उरते. मोरचुदाच्या वजनात ३६ टक्के पाणीच असतं. पाण्याच्या पाच रेणूंपैकी चार तांब्याला बिलगलेले असतात आणि निळा रंग त्या बिलगण्याचा आहे. नळी गार झाल्यावर एक मुलगी ड्रॉपरनं पाण्याचे दोन थेंब सोडते. भुकटी चुर्र करते, निळी होते. "गरम लागतंय," नळीला बाहेरून बोट लावत ती म्हणते. हे वहीच्या कृतीत कुठेच नव्हतं. ती लगेच लिहून घेते.

मग लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात. थोड्याच वेळात त्यावर तांबूस थर चढतो.

"आमचे पप्पा असंच विळा बुडवून बघतात," तीच मुलगी सांगते. "बोर्डो केलं की. विळा तांबडा झाला तर आणखी चुना घालतात."

मॅडमचा चेहरा खुलतो. "मग करूनच बघू!" बोर्डो मिश्रण फ्रान्समधलं. मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी ते जगापुढे मांडलं. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. इथे लिटरभर पाण्याला दहा-दहा ग्रॅम. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या मगात, चुन्याची निवळी नव्हे तर दाट दूध दुसऱ्यात, मग दोन्ही तिसऱ्यात एकत्र. आकाशी रंगाचा साका उठतो. पॉलिश पेपरनं घासलेली लोखंडी पट्टी त्यात बुडते आणि वर येते ती तांबूस होऊन. म्हणजे मोकळं तांबं अजून शिल्लक आहे. असं मिश्रण फवारलं तर कोवळी फूट करपते.

"चुना जुना असंल," मुलगी म्हणते. तिचा अंदाज पक्का आहे. उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतो आणि त्याचा जोर जातो. ती चमच्यानं आणखी चुना घालते, ढवळते. तांबडा लिटमस निळा होतो. पट्टी पुन्हा घासून बुडवतात. या खेपेला ती स्वच्छ बाहेर येते.

तास संपल्याची घंटा होते, पण कुणी उठत नाही. मुलगी वहीत लिहिते: 'पहिल्या वेळी पट्टी तांबूस. चुना दोन चमचे जास्त लागला. चुना जुना असावा.' मॅडम तिच्या खांद्यावरून वाचतात आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवतात.

"हे तू पाहिलंस का?"

"नाही."

"मग ते शेजारच्या रकान्यात."